वडिलांच्या कपाटातला खोका

घराला रंग द्यायचे ठरले की पहिली कुऱ्हाड कशावर पडते? मुलांच्या जुन्या वह्यांवर, चित्रांवर, कपाटामागे सारलेल्या खोक्यांवर. "हे कशाला ठेवलंय? रद्दीत घाला," हे वाक्य त्या आठवड्यात घरोघर ऐकू येते. आज अशाच एका खोक्याची हकिकत सांगायची आहे. खोका अमेरिकेतल्या न्यूयॉर्कचा. त्यात होता एका तरुणाने एकट्याच्या बळावर तयार केलेला कॉम्प्युटरचा खेळ.

या तरुणाचे नाव जॉर्डन मेकनर. जन्म १९६४ चा. शाळेत असतानाच त्याला अॅपल-टू नावाच्या कॉम्प्युटरचा नाद लागला. १९८२ मध्ये त्याने 'डेथबाउन्स' नावाचा एक खेळ तयार करून ब्रॉडरबंड या कंपनीकडे पाठवला. कंपनीने तो काही घेतला नाही. पण नुसता नकार कळवून त्या लोकांनी विषय संपवला नाही. फोन करून त्याच्याशी बोलले आणि आपला चांगला चाललेला 'चॉपलिफ्टर' हा खेळ त्याला बघायला पाठवला. नकार द्यायचीही एक रीत असते, ती त्या लोकांना ठाऊक होती म्हणायची.

पोरगा खचला नाही. कॉलेजात शिकत असतानाच त्याने 'कराटेका' हा दुसरा खेळ करायला घेतला. पडद्यावरची माणसे खऱ्या माणसांसारखी हलली पाहिजेत, ही त्याची हौस. त्यासाठी त्याने आपल्या कराटे शिक्षकांचे छोट्या कॅमेऱ्यावर चित्रीकरण केले आणि एकेका चित्रावरून हाताने रेघा गिरवून घेतल्या. संगीत दिले वडिलांनी. वडील फ्रान्सिस मेकनर मानसशास्त्रज्ञ, पण संगीताची उत्तम जाण असलेले. १९८४ मध्ये खेळ बाजारात आला आणि गाजला. त्यात खोडीही होती. डिस्क उलटी घातली की सगळा खेळ उलटा, डोके खाली पाय वर, असा चाले! शेवटी राजकन्येची सुटका होते, पण तिच्यासमोर मुठी आवळून गेलात तर ती एका लाथेत तुमचा निकाल लावते. राजकन्येचा हा बाणा आम्हाला तर फार आवडला.

त्यानंतरचा खेळ 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ज्यांनी कॉम्प्युटर क्लासची फी भरली होती, त्यांच्यापैकी पुष्कळांना पांढऱ्या कपड्यांतला, धावत येऊन काठाला लोंबकळणारा तो राजपुत्र आठवेल. तो राजपुत्र म्हणजे मेकनरचा धाकटा भाऊ. १९८५ साली त्याला पांढरे कपडे घालून एका पार्किंगच्या जागेत पळायला, उड्या मारायला लावले. मग ती कॅसेट टीव्हीवर लावून, थांबवून थांबवून, पडद्याचे फोटो काढले, ते धुऊन आणले आणि त्यावर शाईने आकृत्या भरल्या. चार वर्षे गेली. कॉम्प्युटरची स्मरणशक्ती इतकी तोकडी की नव्या शत्रूच्या चित्रांना जागाच उरली नाही. तेव्हा त्याने राजपुत्राच्याच चित्रांत थोडा फेरफार करून एक 'सावली' उभी केली. आरशातून निघालेली ती सावली तुमचीच वैरी. तिला तलवार मारली की जखम आपल्याला होते. तलवार म्यान केली तरच ती आपल्यात मिसळते. अडचणीतून सुचलेली ही गोष्ट लोकांना सगळ्यांत जास्त लक्षात राहिली.

१९८९ मध्ये खेळ आला तेव्हा अॅपल-टूचा जमाना सरत आला होता, म्हणून सुरुवातीला खप बेताचाच झाला. पुढे इतर कॉम्प्युटरांवर आला तेव्हा मात्र जगभर पोहोचला.

आता खोक्याकडे येऊ. खेळ तर सर्वांकडे होता, पण तो ज्यातून तयार झाला ते मूळ लिखाण, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीओळीने दिलेल्या आज्ञा, कुठेच सापडेना. शिवलेला सदरा आहे, पण शिंप्याने ज्यावर माप आखले तो कागद हरवला, अशी गत. मेकनर सुमारे दहा वर्षे अधूनमधून शोधत होता. आणि मार्च २०१२ मध्ये वडिलांचे पार्सल आले. ऐंशीच्या घरातल्या या गृहस्थांना घर आवरताना कपाटात मागे एक खोका सापडला होता. त्यात फ्लॉपींचे गठ्ठे. हाच तो मूळ लेख!

फ्लॉपीवरची चुंबकीय खूण वर्षांगणिक पुसट होत जाते आणि ती वाचणारे यंत्रही आता सहज मिळत नाही. म्हणून एप्रिल २०१२ मध्ये जुन्या गोष्टी जपण्याचे काम करणारे जेसन स्कॉट आणि अॅपल-टूचे जाणकार टोनी डियाझ जुनी यंत्रे घेऊन त्याच्या घरी आले. दिवसभर खटपट करून त्यांनी ते लिखाण उतरवून घेतले, आणि मेकनरने ते सर्वांना वाचायला खुले केले. हे त्याला करता आले, कारण खेळ कंपनीने विकला तरी त्या लिखाणाचा हक्क त्याने स्वतःकडेच राखला होता. आपल्या पोरापोरींनी उद्या मोबाइलवर खेळ तयार केला, गाणे केले, तर सहीपूर्वी करारातली ही ओळ कुणाकडून तरी समजून घ्यावी. हातात रक्कम पडली की घाईत सही होते आणि मग आयुष्यभर काम आपले, मालकी दुसऱ्याची.

या घराला जपून ठेवण्याची सवय का, हेही पाहण्यासारखे आहे. मेकनरचे वडील मूळचे व्हिएन्नाचे, ज्यू कुटुंबातले. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केला तेव्हा ते लहान होते. घरदार सोडून कुटुंबाला परागंदा व्हावे लागले, ताटातूट झाली, पुढे अमेरिकेत आसरा मिळाला. आजोबांनी आपल्या आठवणी घरच्यांसाठी लिहून ठेवल्या. नातवानेही तरुणपणी नित्य रोजनिशी लिहिली. ती आता पुस्तकरूपाने आली आहे. तीन पिढ्यांची ही कथा त्याने 'रीप्ले' या चित्रमय पुस्तकात स्वतः रेखाटली. इंग्रजीत ती २०२४ मध्ये निघाली.

२०२३ मध्ये डिजिटल एक्लिप्स या कंपनीने 'द मेकिंग ऑफ कराटेका' काढले. त्यात जुना 'कराटेका' जसाच्या तसा आहे, नव्याने सजवलेलाही आहे. कंपनीशी झालेला पत्रव्यवहार, अर्धवट राहिलेले कच्चे नमुने, बापलेकांच्या मुलाखती, सगळे आहे. आणि १९८२ मध्ये नाकारलेला 'डेथबाउन्स'ही डागडुजी करून, नव्या रूपात, चाळीस वर्षांनी पहिल्यांदा लोकांपुढे आला. शेजारी त्याचा मूळ कच्चा नमुनाही ठेवला आहे, न झाकता. तो पाहून आमचे मत असे झाले की, १९८२ साली कंपनीने दिलेला नकार बरोबरच होता.