मालक नसलेली भाषा शिकताना

एस्पेरांतो शिकून नोकरी लागते का? नाही. स्पर्धा परीक्षेत गुण मिळतात का? तेही नाही. मग चळवळीतल्या तरुणाने रोजचा अर्धा तास या भाषेवर का घालवावा, असा प्रश्न आम्हाला अनेक कार्यकर्ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. आपल्या मुलांकडे पैसा कमी आणि वेळ त्याहून कमी. हौस म्हणून भाषा शिकणे ज्यांना परवडते ते लोक वेगळे. म्हणून आम्ही हौसेची नव्हे, हिशेबाची गोष्ट करणार आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : एस्पेरांतो जात मोडणार नाही आणि पोटही भरणार नाही. पण भाषा ही कोणाच्या तरी मालकीची असते आणि आपण तिच्या दारात परवानगी मागत उभे असतो, ही जी भीती आपल्या मनात पिढ्यान्‌पिढ्या रुजवली गेली, ती मोडायला ही भाषा उपयोगी पडते. तीही गुरूशिवाय, एक पुस्तक आणि सोबतचा ऑडिओ यांच्या जोरावर.

ही भीती काल्पनिक नाही. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. त्याच बाबासाहेबांनी पुढे पाली भाषेचा शब्दकोश आणि व्याकरण यांवर काम केले. ते त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या 16 व्या खंडात छापलेले आहे. आज संस्कृतची सक्ती किंवा बंदी नसेल, पण वर्गात 'आनि-पानि' म्हणणाऱ्या पोराला हसण्याची प्रथा संपलेली नाही. मराठीत 'अशुद्ध' ठरायचे आणि इंग्रजीत 'व्हर्नाक्युलर' ठरायचे, असा हा दुहेरी मार आहे. मुलगा हुशार असतो, पण चर्चासत्रात हात वर करत नाही. विचाराची कमतरता नसते. वाक्य चुकेल ही धास्ती असते.

आता एस्पेरांतोकडे वळू. ही भाषा तयार करणारा लुडविक झामेनहॉफ हा 1859 साली बियालिस्तोक येथे जन्मलेला ज्यू. ते शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज पोलंडमध्ये आहे. रशियन, पोलिश, जर्मन आणि यिडिश बोलणारे लोक एकाच गावात एकमेकांचा द्वेष करत राहत होते आणि ज्यू सर्वांच्या तळाशी होते. पुढे डोळ्यांचा डॉक्टर झालेल्या या माणसाने 1887 साली वॉर्सात एक छोटे पुस्तक 'डॉक्टर एस्पेरांतो' या टोपणनावाने काढले. एस्पेरांतो म्हणजे आशा बाळगणारा. व्याकरणाचे 16 नियम आणि सुमारे 900 मूळ शब्द, एवढाच पसारा. विशेष म्हणजे त्याच पुस्तकात त्याने भाषेवरचा आपला हक्क सोडून दिला. 1905 साली फ्रान्समधील बुलोन येथे पहिले जागतिक संमेलन भरले, तेव्हा ही भाषा कोणाचीही खासगी मालमत्ता नाही असे जाहीरनाम्यातच लिहिले गेले. देववाणी म्हणून कुलूपबंद केलेल्या भाषेचा इतिहास ज्यांनी भोगला, त्यांना या एका वाक्याचे वजन वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आमचा अभ्यासगट दर रविवारी विहारात वंदनेनंतर बसतो. आम्ही टिम ओवेन आणि जुडिथ मायर यांचे 'कम्प्लीट एस्पेरांतो' हे 2018 सालचे पुस्तक घेतले. टीच युवरसेल्फ या मालिकेतले हे पुस्तक आहे. याच मालिकेत 1957 साली क्रेसवेल आणि हार्टली यांचे एस्पेरांतोचे पुस्तक आले होते. नव्या पुस्तकात संवाद, सराव, मागे उत्तरे आणि मोबाइलवर ऐकता येणारा ऑडिओ आहे. पद्धत साधी ठेवली. आधी पुस्तक बंद करून संवाद दोनदा ऐकायचा. मग वाचत ऐकायचा. मग थांबवत थांबवत, आवाजामागोमाग मोठ्याने म्हणायचा. सराव वहीत सोडवून उत्तरे आपली आपण तपासायची. आठवडाभर प्रत्येकाने घरी हे करायचे आणि रविवारी फक्त बोलायचे. शिकवणारा कोणी नाही, त्यामुळे कोणासमोर मान खाली घालण्याचा प्रश्न नाही.

मराठी माणसाला ही भाषा कुठे सोपी जाते आणि कुठे अडते, हे सांगितले पाहिजे, कारण इंग्रजी पुस्तक ते सांगत नाही. जसे लिहायचे तसे वाचायचे, हे आपल्याला नवीन नाही. 'चमचा'तला च आणि 'चिमणी'तला च हे दोन उच्चार आपण एकाच अक्षराने लिहितो. एस्पेरांतोत त्यांना दोन स्वतंत्र अक्षरे आहेत. इंग्रजी माणूस ज्या 'त्स' उच्चारापाशी अडखळतो, तो आपल्या तोंडात आधीपासून आहे. नामाच्या शेवटी 'ओ', विशेषणाच्या शेवटी 'आ', वर्तमानकाळाला 'आस', भूतकाळाला 'ईस', भविष्यकाळाला 'ओस'. अपवाद नाही. कर्माला 'न' लावावा लागतो. 'कुत्रा माणसाला चावतो' यातला 'ला' आपल्या ओळखीचा आहे, पण आपण 'पुस्तक वाचतो' म्हणतो, 'पुस्तकाला वाचतो' म्हणत नाही. एस्पेरांतोत तिथेही 'न' लागतो : 'मि लेगास लिब्रोन'. आमच्या गटात सर्वाधिक चुका इथेच होतात.

शब्द तयार करण्याची रीत हा या भाषेचा खरा जीव आहे. 'साना' म्हणजे निरोगी. पुढे 'माल' लावला की उलट अर्थ : 'मालसाना', आजारी. त्यात व्यक्ती दाखवणारा 'उल' आणि जागा दाखवणारा 'एय' जोडला की 'मालसानुलेयो', म्हणजे आजाऱ्यांची जागा, दवाखाना. 'लेर्नि' म्हणजे शिकणे, 'लेर्नेयो' म्हणजे शाळा. मुक्त या अर्थाच्या 'लिबेरा'पासून स्वातंत्र्य 'लिबेरेत्सो', समान या अर्थाच्या 'एगाला'पासून समता 'एगालेत्सो', भाऊ या अर्थाच्या 'फ्रातो'पासून बंधुता 'फ्रातेत्सो'. संविधानाच्या उद्देशिकेतले तीन शब्द एकाच प्रत्ययाने बनतात. शब्द पाठ करण्याऐवजी तो बांधता येतो, हे कळल्यावर शिकणाऱ्याचा चेहरा बदलतो. आणि ज्याला एक भाषा अशी उघडून पाहता आली, तो दुसऱ्या भाषेला तितका घाबरत नाही. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या एगर्टन पार्क शाळेत 1948 ते 1965 या काळात काही मुलांना आधी एस्पेरांतो आणि मग फ्रेंच शिकवून पाहिले गेले, ते याच विचारातून.

आणखी एक गोष्ट. एस्पेरांतोच्या रोजच्या व्यवहारात समोरच्या माणसासाठी एकच शब्द आहे, 'वि'. तू, तुम्ही, आपण असे मजले नाहीत. गावात आपल्या सत्तर वर्षांच्या आजोबांना पाटलाच्या पोराने 'काय रे' म्हणायचे आणि आजोबांनी त्याला 'जी मालक' म्हणायचे, हे आपल्यातल्या अनेकांनी ऐकले आहे. व्याकरणाचा एक शब्द माणसाला रोज त्याची पायरी दाखवत असतो. ही पायरीच नसलेली भाषा बोलून पाहणे, हा अनुभव आमच्या गटाला नुसत्या व्याकरणापेक्षा मोठा वाटला.

पण इथेच थांबलो तर आपण भाबडे ठरू. इंग्रजीतही आज 'यू' हा एकच शब्द आहे आणि त्याच इंग्रजीत गुलामांचे लिलाव पुकारले गेले. झामेनहॉफला वाटत होते की माणसे एकमेकांची भाषा समजत नाहीत, म्हणून द्वेष वाढतो. आपला अनुभव वेगळा आहे. गावातला वाडा आणि गावकुसाबाहेरची वस्ती एकच मराठी बोलत होते, तरी पाणवठा वेगळा होता. चवदार तळ्यावर जमलेल्यांवर हल्ला करणारे मराठीच बोलत होते. द्वेषाचे मूळ भाषेत नव्हते. धर्माने पवित्र ठरवलेल्या विषमतेत होते आणि तिच्यातून मिळणाऱ्या फायद्यात होते. झामेनहॉफच्या स्वतःच्या घराने हेच सिद्ध केले. त्याचा मुलगा आदाम याला 1940 साली नाझींनी गोळ्या घातल्या. झोफिया आणि लिडिया या दोन्ही मुली 1942 साली ट्रेब्लिंका छावणीत मारल्या गेल्या. मारणाऱ्यांना त्यांची भाषा समजत नव्हती म्हणून हे घडले नाही. म्हणून 'एक भाषा आली की जग एक होईल' हे आम्ही मानत नाही आणि कोणी मानू नये.

तरीही एक प्रश्न उरतो. ही भाषा इतकी निरुपद्रवी असती तर हुकूमशहा तिला का घाबरले? हिटलरने आपल्या पुस्तकात तिला ज्यूंचे हत्यार म्हटले आणि 1936 साली जर्मनीत तिच्या संघटना बंद पाडल्या गेल्या. स्टालिनच्या राजवटीत 1937-38 साली एस्पेरांतो कार्यकर्त्यांना अटका झाल्या, अनेकांना ठार केले गेले. कारण उघड आहे. साधा कामगार सरकारला न विचारता परदेशातल्या कामगाराशी थेट पत्रव्यवहार करू लागला होता. तळातली माणसे मध्यस्थाशिवाय बोलू लागली की वरच्यांना धोका वाटतो. हे आपल्याला 'मूकनायक'पासून ठाऊक आहे.

आक्षेप आणखीही आहेत. या भाषेचे बहुतेक शब्द युरोपीय आहेत, त्यामुळे ती सर्वांसाठी सारखी तटस्थ नाही. हे खरे आहे. दुसरा आक्षेप आमच्या गटातल्या मुलींनी घेतला : 'पात्रो' म्हणजे वडील आणि त्याला 'ईन' जोडून 'पात्रीनो' म्हणजे आई. आई म्हणजे स्त्रीलिंगी बाप, हे कसे? आक्षेप बिनतोड आहे. एस्पेरांतो बोलणाऱ्यांतही यावर वाद आहे. 'तो' आणि 'ती' यांच्या पलीकडचे 'री' हे सर्वनाम काही जण वापरू लागले आहेत. 'फ्रातेत्सो'तही भाऊच आहे, जसा आपल्या 'बंधुता'त आहे. बाबासाहेबांनी त्याहून योग्य शब्द बुद्धाकडे असल्याचे सांगितले होते : मैत्री. भाषा माणसाने बनवलेली असल्यामुळे तिच्यावर असा वाद घालता येतो. ईश्वराने दिलेल्या भाषेशी वाद कसा घालणार?

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा : ही तटस्थ भाषा शिकायलाही आम्हाला इंग्रजी पुस्तकच लागले. म्हणजे दारावर पुन्हा इंग्रजीच उभी. म्हणून इंग्रजी सोडा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. सावित्रीबाईंनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, बाबासाहेबांनी आपले मोठे ग्रंथ इंग्रजीत लिहिले. इंग्रजी हा आपला हक्क आहे. एस्पेरांतो हा तिच्याआधीचा किंवा तिच्या जोडीचा सराव आहे, पर्याय नाही. पण हा आक्षेप आपल्यावर एक काम टाकतो. विनोबांनीही टिबोर सेकेल्य या प्रवाशाकडून ही भाषा शिकली होती. ती वस्तीपर्यंत आली नाही, कारण वस्तीतल्या मुलासाठी पुस्तक लिहिण्याचे काम कोणी केले नाही. ते आपण करावे. 'ला' आणि 'न' यांचा फरक सांगणारे, 'चमचा' आणि 'चिमणी' यांनी सुरुवात करणारे, मराठीतून समजावणारे पाठ आणि आपल्याच मुलामुलींच्या आवाजातला ऑडिओ. आणि हाच साचा वापरून पालीचे पाठ का नकोत? विहारात आपण पाली रोज म्हणतो, पण किती जणांना तिचे वाक्य उलगडून सांगता येते? गुरूशिवाय पाली शिकवणारे, उत्तरे मागे दिलेले, कानाने ऐकता येणारे पुस्तक ही धम्मचळवळीची खरी गरज आहे.

शेवटी बाहेरच्या जगाबद्दल. हंगेरीत शायोकाझा या गावात रोमा समाजातल्या बौद्ध कार्यकर्त्यांनी जय भीम नेटवर्कच्या वतीने 2007 साली डॉ. आंबेडकरांच्या नावाने शाळा सुरू केली. रोमा म्हणजे युरोपातले गावकुसाबाहेरचे लोक. त्याच हंगेरीत पदवीसाठी परकी भाषा परीक्षा सक्तीची असताना हजारो विद्यार्थ्यांनी ती एस्पेरांतोत दिली. म्हणजे ही भाषा तिथे ओळखीची आहे. 1946 साली बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. पीडितांनी पीडितांशी थेट बोलावे, ही त्यामागची दृष्टी होती. महाडचा संग्राम आणि 22 प्रतिज्ञा यांवर चार-चार पानी मजकूर आपण एस्पेरांतोत लिहिला, तर तो हंगेरीतल्या, जपानमधल्या, ब्राझीलमधल्या वाचकाला आपल्या शब्दांत मिळेल. तिथे आपले इंग्रजी तपासणारा कोणी मध्ये बसलेला नसेल.

सुरुवात एवढीच करा. तिघेचौघे जमा. एक पुस्तक, एक मोबाइल, रोज अर्धा तास, तीन महिने. चुका मोठ्याने करा. ज्या भाषेचा मालकच नाही, तिथे तुमच्या चुकीला हसण्याचा अधिकार कोणालाच नाही. तीन महिन्यांनी एस्पेरांतो पुढे चालू ठेवायची की पाली, इंग्रजी हाती घ्यायची, ते तुमचे तुम्ही ठरवा. पण त्यानंतर एखाद्या चर्चासत्रात प्रश्न मनात आला, तर हात वर करा.

जय भीम!