माती तपासता, मग रक्त का नाही?

शेतकरी बंधूंनो, हृदयविकार हा शहरातल्या लठ्ठ माणसांचा रोग, हा समज आता सोडा. काटक गड्याच्या रक्तातही चरबी वाढलेली असू शकते. ती वरून दिसत नाही. उपाशीपोटी तपासलेल्या रक्तात ट्रायग्लिसराइड १५० च्या आत हवे. चांगले कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, पुरुषांत ४० च्या व स्त्रियांत ५० च्या वर हवे. दिवसभराचा गोड चहा, मैद्याची बिस्किटे, दारू यांनी पहिले चढते. विडीने दुसरे उतरते. त्यापेक्षा आपली भाकरी, उसळ, पालेभाजीच बरी. तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब व साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. तिथेच चरबीच्या तपासणीचेही विचारा. सरपंच, ग्रामसेवकांनी हा विषय ग्रामसभेत घ्यावा. छातीत कळ येईपर्यंत थांबू नका!