लेन्स किती लांबची हवी?

वेल्ह्याकडच्या एका भगिनीचा प्रश्न आला आहे. मुलगा बारावी झाला, फोटोग्राफीची आवड आहे. चुलत्याने त्याला डिजिटल कॅमेरा दिला, त्याच्यासोबत 18-55 ची लेन्स आली. आता मुलगा म्हणतो, मोठी झूम लेन्स हवी. दुकानदार म्हणतो, 300 वाली घ्या, मग काही बघायला नको. शिलाईकामातून बाजूला ठेवलेले पैसे तेवढेच आहेत. पैसे वाया तर जाणार नाहीत ना, एवढेच त्यांना विचारायचे आहे.

प्रश्न एका घरचा असला तरी भोर-वेल्ह्याच्या बऱ्याच घरांना लागू आहे. वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका म्हणतात. राजगड आणि तोरणा दोन्ही तिथेच. भोरकडे रोहिडा, रायरेश्वर, भाटघरचे पाणी, वरंधा घाट. पावसाळा सुरू झाला की पुण्याहून माणसांची रीघ लागते. अशा मुलखात वाढलेल्या मुलांच्या हाती कॅमेरा आला, तर नवल नाही. पुढे त्यातून लग्नाची, शाळेच्या कार्यक्रमांची कामेही मिळतात. म्हणून या खरेदीला चैन म्हणून झटकून टाकू नये, आणि डोळे झाकून पैसेही देऊ नयेत.

आधी आकड्यांचा अर्थ समजून घेऊ. दहावीच्या विज्ञानात भिंगांचा पाठ आहे, त्यात नाभीय अंतर हा शब्द येतो. लेन्सवर लिहिलेले 18, 55, 250 हे तेच नाभीय अंतर, मिलिमीटरमध्ये. आकडा लहान, तर दृश्य रुंद दिसते. आकडा मोठा, तर दृश्याचा छोटा तुकडा मोठा होऊन दिसतो. दुकानात ‘इतके एक्स झूम’ असे सांगतात, त्याने फसू नये. तो फक्त मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागून आलेला भागाकार असतो. 18-55 म्हणजे तीन एक्स, 55-250 म्हणजे साडेचार एक्स. लांबचे किती जवळ येईल, हे त्या भागाकारावरून कळत नाही, मोठ्या आकड्यावरून कळते.

सुरुवातीच्या कॅनन कॅमेऱ्यातला सेन्सर सुमारे 22 मिलिमीटर रुंद असतो. त्यावरून साधा हिशेब मांडता येतो. समोर दहा मीटरवर भिंत आहे असे समजा. 18 वर त्या भिंतीची सुमारे 12 मीटर रुंदी फोटोत मावते, 55 वर चार मीटर आणि 250 वर जेमतेम 90 सेंटिमीटर. निकॉनचा सेन्सर किंचित मोठा असतो, पण हिशेबात फारसा फरक पडत नाही.

आता हाच हिशेब भाटघरच्या काठावर लावू. पाण्यालगतच्या फांदीवर खंड्या बसला आहे, अंतर वीस मीटर. पक्षी पाव मीटरपेक्षा थोडा मोठा. 55 वर तो फोटोच्या रुंदीच्या एकोणतिसाव्या भागाएवढा दिसेल, म्हणजे एक ठिपका. 250 वर तोच सहाव्या भागाएवढा होईल आणि त्याची चोच, छातीवरचा पांढरा रंग ओळखू येईल. 300 ची लेन्स घेतली, तर त्याहून थोडासाच मोठा. म्हणजे 55 वरून 250 वर गेले की मोठा फरक पडतो, 250 वरून 300 वर गेल्याने फारसा नाही. दुकानदार जो आकडा पुढे करतो, त्यासाठी जास्त पैसे मोजण्यापूर्वी हे लक्षात असू द्यावे.

अंतर निम्मे केले, तर वस्तू दुप्पट मोठी दिसते. म्हणजे दहा मीटर पुढे चालत गेल्याने जे काम होते, त्यासाठी लेन्स घ्यायची गरज नाही. पाण्यात चालत जाता येत नाही, कड्यावर पुढे सरकता येत नाही, पक्षी जवळ येऊ देत नाही, अशा ठिकाणीच लांबची लेन्स खरी उपयोगी पडते.

म्हणून खरेदीआधी मुलाला एक काम द्यावे. आतापर्यंत काढलेल्या फोटोंपैकी त्याला स्वतःला आवडलेले शंभर निवडावेत. प्रत्येक डिजिटल फोटोच्या माहितीत तो किती मिलिमीटरवर काढला, हे नोंदलेले असते. वहीत तीन रकाने करावेत: 18 ते 25, मधले, आणि 50 ते 55. तिसरा रकाना भरला असेल आणि त्यातले बरेच फोटो नंतर कापून मोठे करावे लागले असतील, तर लांबची लेन्स हवी आहे. पहिला रकाना भरला असेल, तर मुलाला डोंगर, पठार, वाडे, माणसांचे घोळके आवडतात. त्याला मोठी झूम दिली, तर ती बहुतेक वेळ पिशवीतच राहील.

आपल्या भागात काय लागते, तेही पाहू. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून माचीचा सगळा पसारा घ्यायचा, तर 18 हवा. लांबच्या तटबंदीवर उभी माणसे किंवा सुवेळा माचीवरचे नेढे टिपायचे, तर 200-250 उपयोगी. पावसाळ्यानंतर रायरेश्वराच्या पठारावर फुले येतात. तिथे मोठी झूम लागेल असे वाटते, पण कॅननची नवी 55-250 सुमारे 85 सेंटिमीटरपेक्षा जवळचे स्पष्ट दाखवत नाही. उलट सोबत आलेली 18-55 पाव मीटरपर्यंत जवळ जाऊ देते. फुलांसाठी वेगळे पैसे घालायचे कारण नाही.

ईदच्या चंद्राचाही फोटो हवा असतो. 250 वर चंद्राची पूर्ण चकती फोटोच्या उंचीच्या सहाव्या-सातव्या भागाएवढी येते, 55 वर तिसाव्या. चाँदरातीला कोर बारीक असते आणि क्षितिजाजवळ असते. आपल्याकडे पश्चिमेला डोंगर आहेत, म्हणून मोकळी जागा आधीच शोधून ठेवावी आणि कॅमेरा तिपाईवर बसवावा.

आता प्रकाशाकडे येऊ. बसऱ्यात जन्मलेले आणि कैरोत काम केलेले इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘किताब अल-मनाझिर’ हा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर जात नाहीत, वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो, हे त्यांनी त्यात प्रयोगांनिशी मांडले. लेन्सचेही तसेच आहे: जेवढा प्रकाश आत येतो, तेवढ्यावरच तिला काम करावे लागते. लेन्सवर एफ 4-5.6 असे लिहिलेले असते. हा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त. स्वस्त झूम लेन्स लांबच्या टोकाला 5.6 किंवा 6.3 वर जाते. दिवसा उजेडात ती छान चालते. रात्रीच्या निकाहाला, मंद दिव्यांच्या हॉलमध्ये मात्र तिच्यावर फोटो हलतात. तिथे 50 मिलिमीटरची एफ 1.8 वाली, झूम नसलेली लेन्स घ्यावी. ती 5.6 च्या मानाने नऊ पटींहून जास्त प्रकाश घेते, वजनाला हलकी असते आणि किमतीलाही बहुधा कमी असते. मुलाला लग्नाची कामे करायची असतील, तर पहिली खरेदी ही करावी.

लांबची लेन्स हातात धरली की हाताचा कंपही मोठा होऊन दिसतो. ढोबळ नियम असा की 250 वर शटरचा वेग सेकंदाचा चारशेवा भाग किंवा त्याहून जलद हवा. लेन्समध्ये कंप सावरणारी सोय असेल, तर स्थिर वस्तूसाठी पन्नासाव्या भागापर्यंत निभावते. उडणाऱ्या पक्ष्यासाठी किंवा धावणाऱ्या मुलासाठी ही सोय कामाची नाही, तिथे वेग वाढवावाच लागतो. ही सोय असल्याची खूण म्हणजे कॅननच्या लेन्सवर ‘आयएस’ आणि निकॉनच्या लेन्सवर ‘व्हीआर’ ही अक्षरे. इथेच नवखे लोक चुकतात. कॅननची जुन्या धाटणीची 75-300 स्वस्त मिळते, पण तिच्यात आयएस नाही. निकॉनची एएफ-पी 70-300 दोन प्रकारांत निघाली, व्हीआर असलेली आणि नसलेली. डबा जवळपास सारखाच. पावती करण्यापूर्वी ती अक्षरे बोट ठेवून वाचावीत.

लेन्स आपल्या कॅमेऱ्याला चालते का, हेही दुकानातच लावून पाहावे. निकॉनच्या एएफ-पी लेन्स डी90, डी3000 अशा जुन्या कॅमेऱ्यांवर फोकस करत नाहीत. कॅननच्या आरशाविना चालणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांना जुनी ईएफ-एस लेन्स जोडायला मधला अडॅप्टर लागतो. आणि सतत लेन्स बदलायची नसेल, तर 18-135 किंवा 18-140 अशी एकच लेन्सही मिळते. लांबचा पल्ला कमी, पण गड चढताना आणि पावसात लेन्स उघडावी लागत नाही, हा फायदा मोठा.

पैशांबाबत दोन गोष्टी. पहिली, हप्त्यावर घेताना ‘नो कॉस्ट’ या शब्दावर विसंबू नये. कागदावर व्याज आणि प्रक्रिया शुल्क वेगळे दाखवलेले असू शकते, किंवा रोखीवर मिळणारी सूट तेवढ्याने कमी झालेली असते. ज्या घरात व्याज टाळतात, त्यांनी तो कागद पूर्ण वाचूनच सही करावी; नाही तर दोन महिने थांबून रोख घ्यावी. दुसरी, पुण्यात लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. एक शनिवार-रविवार भाड्याने आणून वापरली, तर मुलाला आणि घरालाही उत्तर मिळते.

वापरलेली लेन्स घ्यायला हरकत नाही, पण आपल्या पावसाची आठवण ठेवावी. वेल्हे-भोरच्या दमट हवेत लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. घेताना दोन्ही टोकांची झाकणे काढून मोबाईलच्या टॉर्चने आरपार पाहावे. धागे दिसले, तर कितीही स्वस्त असो, घेऊ नये. झूमची कडी सगळ्या आकड्यांवर फिरवून पाहावी, खरखर नको. नवी घेतली, तरी जून ते सप्टेंबर ती कपड्यांच्या कपाटात किंवा चामड्याच्या पिशवीत ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलसर झाले. तापवून पुन्हा वापरता येतात. भिजून आलेली लेन्स मात्र आधी पुसून, कोरडी करूनच डब्यात टाकावी.

शेवटी एक गोष्ट मुलाला लेन्स देतानाच सांगायची आहे. तसवीर काढावी की नाही, यावर उलेमांची मते वेगवेगळी आहेत; प्रत्येक घर आपापल्या विश्वासातल्या आलिमांना विचारते. पण एका बाबतीत दुमत नाही. सूरह हुजुरातच्या 12 व्या आयतीत दुसऱ्याच्या आयुष्यात डोकावण्याला, त्याचे उणे शोधण्याला मनाई आली आहे. 250 ची लेन्स शेजारचे अंगण, नदीवरच्या बायका, लग्नातला जनाना, सगळे जवळ आणते आणि समोरच्याला त्याची खबरही नसते. लांबून दिसते म्हणून काढायचे नाही. ओळख देऊन, परवानगी घेऊन काढायचे. कोणी नको म्हटले, तर त्याच्या समोर फोटो पुसून टाकायचा. घरट्यातल्या पक्ष्यालाही हाच नियम: पिल्लांच्या जवळ जाऊ नये, फांद्या बाजूला करू नयेत. लांबची लेन्स असण्याचा उपयोग त्यासाठीच करावा.

तर भगिनी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. आधी शंभर फोटोंची वही करून घ्या. मुलाचे मन पक्ष्यांत आणि गडाच्या लांबच्या कड्यांत रमत असेल, तर त्याच्या कॅमेऱ्याला चालणारी, कंप सावरणारी 55-250 किंवा 70-300 घ्या, एवढी पुरेशी आहे. लग्नाची कामे डोक्यात असतील, तर 50 ची एफ 1.8 घ्या आणि उरलेले पैसे ठेवा. वहीत पहिलाच रकाना भरला, तर वर्षभर काही घेऊ नका. शिलाईचा पैसा मेहनतीचा आहे, तो मुलाच्या गरजेपुरताच जावा. अल्लाह त्याच्या हाताला हुनर आणि नजरेला हया देवो.