फळ्याशेजारचा पडदा

जून महिना आला कीं नव्या दप्तरांबरोबर शाळांचीं माहितीपत्रकेंही घरांत येऊं लागतात. ह्या पत्रकांत पूर्वीं मैदान, प्रयोगशाळा आणि वाचनालय ह्यांचा उल्लेख ठळक अक्षरांत असे; हल्लीं ती जागा ‘डिजिटल वर्ग’ ह्या शब्दांनीं घेतली आहे. फळ्याशेजारीं मोठा पडदा आहे, इंटरनेट आहे, प्रत्येक धड्याची चित्रफीत आहे, असें त्यांत मोठ्या अभिमानानें सांगितलेलें असतें, आणि तें वाचून घरांतील वडील मंडळींत दोन तट पडतात. एका तटास वाटतें, मूल आतां जगाच्या बरोबरीनें चाललें; दुसऱ्यास वाटतें, घरीं मोबाइल हातांतून सुटत नाहीं तेवढें पुरे नव्हतें म्हणून शाळेनेंही तोच उद्योग आरंभिला. आमच्या मतें दोन्ही पक्ष पडद्याकडे पाहून भांडत आहेत. पाहावयाचें तें पडद्यासमोर बसलेल्या मुलाकडे. पस्तीस मिनिटांच्या तासांत त्या मुलानें स्वतः काय केलें, एवढें कळलें म्हणजे त्या साधनाची किंमत कळते.

नवें साधन वर्गांत आलें आणि त्यापाठोपाठ मोठीं भाकितें आलीं, हें कांहीं प्रथमच घडत नाहीं. चित्रपटांमुळें शाळांतील पुस्तकें लवकरच निरुपयोगी ठरतील, असें भाकीत एडिसनसारख्या बुद्धिमान संशोधकानें 1913 सालीं केलें होतें. त्यानंतर रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली, संगणक आला. पुस्तक दप्तरांत आहे तें आहेच. आपल्याकडे धूळपाटीवर बोटानें अक्षर गिरविणारें मूल दगडी पाटीवर आलें, पाटीवरून वहीवर आलें. परंतु ह्या प्रत्येक साधनावर हात चालत होता तो मुलाचा. चित्रपट व रेडिओ ह्यांत त्या हातास कामच नव्हतें.

ह्या हाताचाच प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. आज पुष्कळ ठिकाणीं डिजिटल अध्यापन म्हणून जें चालतें तें असें : शिक्षक एक कळ दाबतात, तयार चित्रफीत सुरू होते, रंगीत आकृति हालूं लागतात, पार्श्वसंगीत वाजतें आणि वर्ग चिडीचूप होतो. ही शांतता पाहून मुख्याध्यापक प्रसन्न होतात. (चित्रपटगृहांतही अशीच शांतता असते, हें त्यांच्या ध्यानीं येत नसावें.) चित्रफीत मधेंच थांबवून ‘आतां पुढें काय होईल, सांगा पाहूं?’ असें विचारणारा शिक्षक असला तर गोष्ट वेगळी. पण न थांबतां चालणारी चित्रफीत ही भरभर बोलणाऱ्या व कोणाचाही प्रश्न न ऐकणाऱ्या शिक्षकासारखीच होय. आणि तसे शिक्षक यंत्र येण्यापूर्वींही आपल्याकडे कमी नव्हते.

आतां ह्याच पडद्याचा दुसरा उपयोग पाहा. भूमितीसाठीं ‘जिओजेब्रा’ नांवाची एक संगणकप्रणाली आहे. ऑस्ट्रियांतील साल्झबुर्ग येथें मार्कुस होहेनवार्टर ह्यांनीं विद्यार्थिदशेंत असतांना 2001 सालीं तिच्या रचनेस आरंभ केला, आणि शाळांना ती विनामूल्य वापरतां येते. दहावीच्या वर्गांत चक्रीय चौकोनाचें प्रमेय शिकवावयाचें आहे असें समजूं. मुलें प्रथम वहींत वर्तुळ काढतात, त्यावर अ, ब, क, ड असे चार बिंदू घेऊन चौकोन पुरा करतात आणि अ व क हे संमुख कोन कोनमापकानें मोजतात. कोणाची बेरीज 178 येते, कोणाची 181. एकाची 190 येते, कारण त्यानें कोनमापक उलटा वाचला. एकशें ऐंशीच्या आसपास कांहीं तरी गौडबंगाल आहे, इतका संशय वर्गांत निर्माण झाला म्हणजे पडद्याची वेळ झाली.

पडद्यावर तीच आकृति आहे. फरक इतकाच कीं, तिचे बिंदू सरकतात. एका मुलीस पुढें बोलावून ब हा बिंदू वर्तुळावरून सरकवावयास सांगावें. अ कोन वाढूं लागतो तसा क कोन तितकाच घटतो, बेरीज जागची हालत नाहीं. येथवर मुलें आधींच पोंचलेलीं असतात. खरी गंमत पुढें आहे. आतां अ हाच बिंदू सरकवावयाचा. परंतु हात लावण्यापूर्वीं प्रत्येकानें वहींत लिहावयाचें कीं, अ कोनाचें माप वाढेल, घटेल कीं तसेंच राहील? बहुतेकजण वाढेल किंवा घटेल असें लिहितात, कारण शिरोबिंदूच हलला तर कोन कसा टिकेल? बिंदू सरकतो, आकृतीचें रूप पालटतें, आणि कोनाचा आंकडा मात्र ढिम्म हालत नाहीं. जो वर्ग चित्रफीत पाहतांना चिडीचूप होता तोच आतां गलबला करूं लागतो. एवढ्यांत एखादा खोडकर मुलगा तो बिंदू ओढीत ओढीत शेजारच्या ब बिंदूच्याही पलीकडे नेतो. चौकोनाच्या बाजू एकमेकींस छेदतात, बेरजेचा नियम मोडतो, आणि पाहतात तों अ व क हे दोन्ही कोन समान झालेले! चांगला शिक्षक ह्या खोडीबद्दल त्याला रागें भरत नाहीं. उलट, असें कां झालें हें शोधण्याचें काम त्याच्याच गळ्यांत घालतो.

मात्र येथें पडदा बंद करण्याचें धैर्य शिक्षकाच्या अंगीं पाहिजे. बिंदू हजार ठिकाणीं नेऊन पाहिला तरी ती सिद्धता नव्हे. एक हजार एकाव्या जागीं नियम मोडणार नाहीं ह्याची हमी आंकडे देत नाहींत, ती युक्तिवाद देतो. एका कंसांत आंतरलिखित झालेले सर्व कोन समान कां, हें फळ्यावर खडूनें, पायरीपायरीनें, मुलांकडूनच वदवून घ्यावें लागतें. पडद्यानें प्रश्न जिवंत केला. उत्तर फळ्यानें दिलें. ज्या शाळेंत पडदा आला म्हणून फळा भिंतीवरून उतरविला गेला, त्या शाळेविषयीं आम्हांस काळजी वाटते.

विज्ञानाच्या बाबतींत क्रम थोडा निराळा ठेवावा असें आम्ही सुचवितों. पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक 2001 सालीं मिळविणाऱ्यांपैकीं एक, कार्ल वीमन, ह्यांनीं 2002 सालीं अमेरिकेंतील कोलोरॅडो विद्यापीठांत ‘फेट’ नांवाचा उपक्रम सुरू केला. संगणकावर करून पाहण्याजोगे विज्ञान-गणिताचे प्रयोग त्यांत विनामूल्य मिळतात, आणि त्यांतील कित्येक मराठींतही आहेत. त्यांत लंबकाचाही प्रयोग आहे. पण लंबक दाखविण्यास संगणक कशाला हवा? दोऱ्यास दगड बांधून खिडकीच्या गजास टांगला कीं लंबक तयार. दोरा पंचवीस सेंटिमीटर घेतला तर दहा आंदोलनांस सुमारें दहा सेकंद लागतात. दोरा चौपट, म्हणजे एक मीटर केला तर वेळ मात्र दुप्पटच होतो. हें मुलानें स्वतःच्या बोटांनीं दोरा बांधून, मोजतांना एकदोनदां चुकून, पाहिलेंच पाहिजे. त्यानंतर, हाच लंबक चंद्रावर नेला तर काय होईल, हा प्रश्न खिडकीच्या गजास सोडवितां येत नाहीं. तेथें पडदा हवा : चंद्रावर आंदोलनास सुमारें अडीचपट वेळ लागतो, गुरूवर तो बराच कमी होतो, हें मुलास तेथें घडवून पाहतां येतें. जें हातानें होण्यासारखें आहे तें हातानें, आणि जेथें हात पोंचत नाहीं तेथें यंत्रानें, असा हा क्रम आहे.

नुसतें यंत्र वांटून काय होतें ह्याचा अनुभव दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशानें घेतला आहे. तेथें ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ ह्या योजनेखालीं लक्षावधि यंत्रें देण्यांत आलीं. ग्रामीण भागांतील 319 प्राथमिक शाळांच्या पाहणीचा जो वृत्तान्त 2012 सालीं निघाला त्यांत गणित व भाषा ह्यांत प्रगति आढळली नाहीं. ह्याच्या उलट दिल्लींतील एक उदाहरण आहे. शाळा सुटल्यावर चालणाऱ्या केंद्रांत ‘माइंडस्पार्क’ ह्या प्रणालीवर सुमारें साडेचार महिने शिकलेल्या मुलांनीं गणितांत व हिंदींत ठळक प्रगति केली, असें 2019 सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसून आलें. ह्यांतील मर्म असें कीं, सहावींतील मूल गणितांत सरासरीनें अडीच इयत्ता मागें होतें. प्रणालीनें त्यास सहावीचा धडा न देतां तें जेथें अडलें होतें तेथला प्रश्न दिला, आणि जोडीला लहान गटांस शिकविणारा माणूसही होता. साठ मुलांच्या वर्गांत प्रत्येकाची अडलेली पायरी शोधणें एकट्या शिक्षकास अशक्यप्राय आहे. तेथें यंत्र त्याचा खरा मदतनीस ठरूं शकतें.

ही झाली शाळेंतील गोष्ट. परंतु डिजिटल धडा आतां शाळेच्या भिंतींत राहत नाहीं. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांनीं पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालून पुस्तकाचें पान चित्रफितीस जोडून दिलें. 2017 सालीं महाराष्ट्र शासनानें ती कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांसाठीं उचलली, आणि 2020 सालीं डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्या दहा लक्ष डॉलरांपैकीं अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांना वांटून दिली, हेंही सांगितलें पाहिजे. कल्पना उत्तमच आहे. पण ती चौकट उघडण्यास मोबाइल लागतो, आणि मोबाइल हा घरांतील कोणाच्या तरी मालकीचा असतो. 2020 सालीं शाळा बंद पडल्या तेव्हां ही गोष्ट सर्वांस कळली. सह्याद्रि वाहिनीवर ‘टिलीमिली’सारखी मालिका त्या वर्षीं दाखविण्यांत आली ती अशाच मुलांच्या सोयीची होती.

‘असर’ पाहणीच्या 2024 च्या अहवालाप्रमाणें ग्रामीण भारतांतील 14 ते 16 वर्षांच्या मुलांपैकीं 82 टक्क्यांहून अधिकांना स्मार्टफोन वापरतां येतो. आदल्या आठवड्यांत त्याचा अभ्यासाशीं संबंधित उपयोग केलेले 57 टक्के, आणि समाजमाध्यमांसाठीं केलेले 76 टक्के. वापरतां येणाऱ्यांपैकीं ज्यांचा फोन स्वतःचा आहे असे मुलगे 36 टक्के व मुली सुमारें 27 टक्के. हे आंकडे खेड्यांतील आहेत, आपल्या घरचे नव्हत, असें म्हणून आमच्या वाचकभगिनींनीं पान उलटूं नये. आपल्या घरीं यंत्रांची उणीव नसेल. परंतु संध्याकाळीं थोरला मुलगा संगणकावर बसला म्हणजे त्याचा ‘अभ्यास चालला आहे’, आणि त्याच वेळीं मुलगी मोबाइलवर गणिताची चित्रफीत पाहत असेल तर तिला ‘तो ठेव आणि ताटें घे’ अशी हांक येते, हें किती घरांत घडत नाहीं? तिचा धडा दोनदां तुटतो आणि मग तिला गणितांत गति नाहीं असें आपणच म्हणतों. मोठ्या कुटुंबांत आजोबांनीं मनावर घेतलें तर तासाभराची पाळी प्रत्येक नातवंडास, मुलगा-मुलगी असा भेद न करतां, नेमून देणें कठीण नाहीं. शेजारीं बसून ‘आतां पुढें काय होईल?’ एवढें विचारण्यास आजीस यंत्राची माहिती असावी लागत नाहीं.

लवकरच पालकसभेच्या सूचना निघतील. तेथें पडदा किती इंची आहे हें विचारण्याऐवजीं, गेल्या आठवड्यांत पडद्यावरील बिंदू किती मुलांनीं स्वतः सरकविला, धड्याची तयारी करण्यास शिक्षकांस वेळापत्रकांत मोकळा तास ठेवला आहे काय, आणि घरीं मोबाइल लागेल असा गृहपाठ दिला तर ज्यांच्या घरीं तो नाहीं त्यांनीं काय करावें, हे प्रश्न विचारावेत. आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईंची मुलगीही बहुधा तेंच बालभारतीचें पुस्तक वापरीत असते. शाळा सुटल्यावर अर्धा तास पडद्याची खोली उघडी ठेवली, तर खर्च काय तो विजेचा आणि एका शिक्षकाच्या अर्ध्या तासाचा; आणि तो अर्धा तास पालकांनीं पाळीपाळीनें वांटून घेण्यासारखा आहे.