५० जीबीचा डिझाईन पॅक घेण्याआधी हे वाचा



फ्लेक्स, लग्नपत्रिका, डिजिटल आमंत्रणं, मग आणि टी-शर्ट प्रिंटिंग. या लाईनमध्ये उतरणारा नवा माणूस दोन गोष्टी आधी जमवतो. एक कॉम्प्युटर आणि दुसरं "मटेरियल". कुठेतरी जाहिरात दिसते, "५०,००० डिझाईन फक्त ४९९ रुपयांत". पैसे भरले की ड्राईव्हची लिंक येते, रात्रभर डाउनलोड चालतं आणि सकाळी आपल्याला वाटतं, चला, भांडवल तयार झालं.

माझं मत जरा कडू आहे. त्यातला बहुतेक माल पहिल्या दिवसापासून डेड स्टॉक असतो. किराणा दुकानदाराला डेड स्टॉक निदान डोळ्यांना दिसतो. पाकिटावर धूळ बसते, तारीख उलटून जाते, उंदीर लागतो. हार्ड डिस्कवरच्या मालाला यातलं काहीच होत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो आणि रोज थोडा थोडा तुमचा वेळ खातो.

हिशोब करून बघा. समजा एका कामामागे योग्य बॉर्डर, योग्य फुलं, तो "मागे वापरलेला छान ब्रश" शोधण्यात १५ मिनिटं जातात. दिवसाला ८ कामं धरली तर रोजचे २ तास. महिन्याचे २५ दिवस धरले तर ५० तास. तुमच्या एका तासाची किंमत अगदी १५० रुपये धरली तरी ७,५०० रुपये झाले. एवढ्यात एखाद्या गावात गाळ्याचं भाडं निघतं. आणि हे पैसे खिशातून जाताना दिसत नाहीत, म्हणून कुणी त्यावर बोलत नाही.

वेळेपेक्षा मोठं नुकसान वेगळंच आहे. श्रद्धांजलीच्या बॅनरचं काम कसं येतं ते या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. घरचे लोक दुःखात असतात, व्हॉट्सॲपवर एक अंधुक फोटो येतो आणि तासाभरात बॅनर पाहिजे असतो. तिथे "थांबा हो, फ्रेम शोधतोय" हे वाक्य चालत नाही. ज्याच्याकडे पाच चांगल्या फ्रेम एका जागी आहेत, तो २० मिनिटांत मोकळा होतो. ज्याच्याकडे "न्यू फोल्डर", "न्यू फोल्डर २" आणि त्यात पाच हजार फ्रेम आहेत, तो त्या घरासमोर कायमचा लहान होतो. लोक असा अनुभव विसरत नाहीत. पुढे त्याच घरातल्या लग्नाची पत्रिका दुसरीकडे जाते.

आता काही जण म्हणतील, "सर, आवरायचं कशाला? सर्च आहे की!" सर्च आहेच. विंडोजसाठी एव्हरीथिंग नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते फाईलचं नाव क्षणात शोधून देतं, जरूर टाका. पण ते नाव शोधतं, चित्र नाही. फाईलचं नाव "अनटायटल्ड-१" किंवा "फायनल-फायनल-२-नवीन" असेल तर नावावर चालणारं कुठलंही सर्च तुम्हाला पैठणीची बॉर्डर काढून देणार नाही. नाव देणं हे काम शेवटी माणसालाच करावं लागतं.

मग लावायचं कसं? इथे बहुतेक लोक फाईलच्या प्रकाराप्रमाणे फोल्डर करतात. ब्रश एकीकडे, पीएनजी एकीकडे, पीएसडी एकीकडे, सीडीआर एकीकडे. दिसायला शिस्तीचं दिसतं, पण मला ही पद्धत पटत नाही. ग्राहक कधी "मला एक पीएनजी द्या" म्हणत येतो का? तो म्हणतो, "मुलीचं बारसं आहे", "दुकानाचं उद्घाटन आहे", "मंडळाचा गणपतीचा बॅनर करायचाय". त्यामुळे कच्चा माल प्रसंगाप्रमाणे लावा: लग्न, बारसं, वास्तुशांती, वाढदिवस, गणपती, शिवजयंती, उद्घाटन, श्रद्धांजली. बारशाच्या फोल्डरमध्ये पाळणा, फुलं, रंगसंगती, दोन तयार लेआउट, सगळं एकत्र. एकच फूल तीन प्रसंगांत लागत असेल तर तीन कॉपी करत बसू नका. अडोब ब्रिज घ्या. ते फोटोशॉपचे पैसे न भरताही वापरता येतं. त्यात फाईलला कीवर्ड लावता येतात, १ ते ५ स्टार देता येतात. जे खरंच चांगलं आहे त्यालाच ५ स्टार. घाई असेल तेव्हा फक्त ५ स्टारवाले उघडायचे.

कच्च्या मालापासून ग्राहकांची कामं मात्र पूर्ण वेगळी ठेवा. शक्यतो वेगळ्या ड्राईव्हमध्येच. प्रत्येक कामाचा एक फोल्डर, आणि नावात आधी वर्ष, मग महिना, मग ग्राहक, मग काम: "२०२५-०३_पाटील_वास्तुशांती_फ्लेक्स-६बाय४". वर्ष आधी लिहिलं की यादी आपोआप तारखेने लागते. फाईलची नावं टाईप करताना मात्र इंग्रजी अक्षरं वापरलेली बरी, काही जुने प्रोग्राम देवनागरी नावांवर अडतात. (डबेवाल्यांचं उदाहरण देण्याचा मोह मला होतोय, पण ते प्रत्येक ट्रेनर देतो, म्हणून सोडतो. एवढंच बघा की त्यांच्या डब्यावर भाजी कुठली ते लिहिलेलं नसतं, डबा कुठे जायचाय ते लिहिलेलं असतं.)

या फोल्डरमधलीच एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण खरी कमाई तिथे आहे. छपाईला पाठवताना आपण कोरलड्रॉमध्ये अक्षरं कर्व्हजमध्ये बदलतो. बदलायलाच पाहिजेत, नाहीतर प्रेसवाल्याकडे तो फॉन्ट नसेल तर सगळा विचका. पण घाईघाईत लोक तीच फाईल सेव्ह करतात. पुढच्या वर्षी मंडळाचे कार्यकर्ते येतात, "दादा, मागचंच करा, फक्त तारीख आणि अध्यक्ष बदला". आणि फाईलमध्ये अक्षरं नसतातच, नुसते आकार असतात! पुन्हा टाईप करा, पुन्हा जुळवा. पाच मिनिटांचं काम दोन तासांवर जातं, आणि पैसे मात्र "फक्त तारीख बदलली" एवढेच मिळतात. त्यामुळे प्रत्येक कामाच्या दोन फाईल: एक "एडिट", एक "प्रिंट". सोबत त्याच नावाचा एक छोटा जेपीजी ठेवा, म्हणजे कोरल न उघडता काम दिसतं आणि ग्राहकाला व्हॉट्सॲपवर पाठवताही येतं. प्रेसवाल्याकडे जुनं कोरल असेल तर नव्या व्हर्जनची सीडीआर त्याच्याकडे उघडत नाही, म्हणून प्रिंटची फाईल त्याच्या व्हर्जनमध्ये सेव्ह करा.

उत्साहात एक गोष्ट करू नका. प्रोग्रामचे स्वतःचे फोल्डर हाताने हलवू नका. फोटोशॉपमध्ये "प्लेस लिंक्ड" करून आणलेलं चित्र जागेवरून हललं की लिंक तुटते. डॅझ स्टुडिओसारख्या थ्रीडी प्रोग्राममध्ये तर मॉडेल, टेक्स्चर सगळं एकमेकांचे पत्ते धरून बसलेलं असतं. एक फोल्डर हलवला की पात्राचे कपडे पांढरेफटक दिसायला लागतात. तिथे प्रोग्रामच्या आतल्या कॅटेगरी वापरा. क्रितामध्ये नको असलेले ब्रशचे बंडल डिलीट न करता सेटिंगमधून नुसते बंद करता येतात, आणि ब्रशना टॅग लावता येतात. फोटोशॉपमध्ये ब्रशचे ग्रुप करता येतात. रोज लागणारे १५-२० ब्रश एका ग्रुपमध्ये घ्या आणि तो ग्रुप एबीआर फाईल म्हणून एक्सपोर्ट करून बाजूला ठेवा. विंडोज फॉरमॅट झालं की पॅनेलमधले ब्रश गेले, ही रडकथा मी शिबिरांमध्ये खूपदा ऐकली आहे.

फॉन्ट हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा पसारा. मराठी डिझायनरच्या मशीनवर हजार-हजार फॉन्ट इन्स्टॉल असतात आणि फॉन्टची यादी उघडताना सॉफ्टवेअर धापा टाकतं. वापरात किती? फार तर २५. त्यातही आपल्याकडे दोन जाती. एक श्रीलिपीसारख्या जुन्या एन्कोडिंगचे फॉन्ट, ज्यांत फॉन्ट नसला की मजकुराच्या जागी इंग्रजी चिन्हांचा खिचडा दिसतो. दुसरे युनिकोडवाले, ज्यांत दुसऱ्या मशीनवर निदान मराठी वाचता तरी येतं. या दोन्हींचे फोल्डर वेगळे ठेवा आणि कामाच्या फोल्डरमध्ये कुठला फॉन्ट वापरला ते लिहून ठेवा. नवं काम शक्यतो युनिकोडमध्येच करा. मुंबईच्या एक टाईपचे मुक्त आणि बालू गूगल फॉन्ट्सवर आहेत, ओपन फॉन्ट लायसन्सखाली, म्हणजे व्यवसायातही बिनधास्त वापरता येतात.

"बिनधास्त" म्हटलं म्हणून आता लायसन्सचं बोलतो, कारण ५० जीबीच्या पॅकला माझा खरा विरोध इथे आहे. त्या पॅकमधल्या फाईल कुणी काढल्या, विकणाऱ्याला विकायचा हक्क होता का, ते तुम्हाला कधीच कळत नाही. कॉपीराईट कायदा १९५७ चा आहे आणि चित्र, डिझाईन त्यात कलाकृती म्हणून येतात. कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. कुणी म्हणेल, "गल्लीतल्या वाढदिवसाच्या बॅनरसाठी कोण येतंय!" बॅनरसाठी नसेल येत. पण तुम्ही एखाद्या मसाल्याच्या ब्रँडचं पाकीट केलं, ते पाकीट चार जिल्ह्यांत गेलं आणि त्यावरची वेलबुट्टी दुसऱ्याची निघाली, तर नोटीस तुमच्या ग्राहकाला येते. तो तुमच्याकडे बघतो. म्हणून प्रत्येक विकत घेतलेल्या किंवा फुकट उतरवलेल्या सेटच्या फोल्डरमध्ये बिल किंवा लायसन्सची फाईल ठेवा. ज्याचा उगम माहीत नाही ते सगळं "उगम नाही" नावाच्या फोल्डरमध्ये. त्यातलं लोगो आणि पॅकेजिंगला कधीही वापरायचं नाही. तुम्ही हे खरंच केलंत तर ५० जीबीपैकी बहुतेक तिथेच जाऊन बसेल.

"आता एआय चित्र काढून देतं, लायब्ररी कशाला?" हाही प्रश्न येतो. अहो, एआयने तर पसारा अजून वाढवलाय! एका गणपतीसाठी ४० चित्रं काढायची, ३९ नाकारायची आणि चाळीसही ठेवून द्यायची. नाकारलेलं त्याच दिवशी काढून टाका.

सगळं एका रविवारी आवरायला बसू नका, दुपारपर्यंत जुने फोटो बघत बसाल. फक्त मागच्या ३ महिन्यांची कामं घ्या, त्यांना नावं द्या. बाकी सगळं "जुनं" या एका फोल्डरमध्ये ढकला (प्रोग्रामचे फोल्डर आणि लिंक केलेल्या फाईल सोडून). काम करताना त्यातलं काही लागलं तरच ते बाहेर काढून योग्य जागी ठेवा. वर्षभर ज्याला हात लागला नाही ते बाहेरच्या डिस्कवर. आणि नव्या कामाचं पेमेंट आलं की लगेच ५ मिनिटं फाईल लावण्यासाठी. ही ५ मिनिटं तुमच्या रेटमध्ये धरा, ग्राहकाला वेगळं सांगायची गरज नाही.

पुढच्या व्हिडिओत ब्रिजमध्ये कीवर्ड कसे लावायचे ते स्क्रीनवर करून दाखवतो. तोपर्यंत तुमच्या मशीनवर किती फॉन्ट आहेत ते मोजा आणि आकडा कमेंटमध्ये टाका. खरा आकडा टाका हं!