चौथा दोरा

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या गल्लीतला पिको-फॉलवाला सगळ्यांना एकच उत्तर देतो, "वहिनी, आता भाऊबीजेनंतर!" दोन वर्षांपूर्वी हेच उत्तर ऐकून आमच्या वन्सं भरलेली पिशवी तशीच घेऊन परत आल्या. पिशवीत शेजारच्या मुलींचे सात फ्रॉक होते. शिलाई घेऊन केलेले त्यांचे पहिलेच काम, आणि आतल्या कडा मोकळ्या! रात्री दोनपर्यंत आम्ही दोघी त्या कडांना हाताने तिरपे टाके घालत बसलो. सकाळी वन्सं म्हणाल्या, "वहिनी, इंटरलॉकचे मशीन आता आपलेच हवे."

नोकरी सुटल्यावर त्यांच्याजवळ बाजूला ठेवलेले असे बारा हजार रुपये होते. ते चुकीच्या मशीनवर गेले असते तर शिवणाचा बेतही तिथेच संपला असता. म्हणून बाजारात जाण्याआधी आम्ही थोडी माहिती काढली.

शिंपी ज्याला इंटरलॉक म्हणतात, त्यालाच दुकानदार ओव्हरलॉक म्हणतात. या मशीनला खाली बॉबिन नसते. सुईच्या दोऱ्याला दोन लूपरांचे दोरे गुंफले जातात आणि शेजारची सुरी कापडाची कड कापत जाते. कापणे आणि गुंफणे एकाच वेळी होते, म्हणून कड सुटत नाही.

दुकानात पांढरेशुभ्र, चार दोऱ्यांचे मशीन समोर आले. किंमत आमच्या पुंजीबाहेरची. दुकानदार म्हणाले, "बाई, तीन दोऱ्यांचे आता कोण घेते?" वन्सं माझ्याकडे पाहू लागल्या. मी विचारले, "वन्सं, फ्रॉकची मुख्य टीप कुठे मारणार?"

"आपल्या नेहमीच्या मशीनवर."

"मग याने फक्त कडाच करायच्या ना?"

चौथा दोरा असतो दुसऱ्या सुईचा. त्याने जोड मजबूत होतो, म्हणून टीप आणि कड एकदमच उरकता येते. टी-शर्टसारखे ताणले जाणारे कापड शिवायचे असेल तर तो हवाच. शिवाय 'डिफरन्शियल फीड'ही हवे, म्हणजे कापड सरकवणारे पुढचे-मागचे दाते कमीजास्त गतीने चालवण्याची सोय. ती नसेल तर कड लाटांसारखी फुगते. पण सुती फ्रॉक, परकर, झंपर आणि उशांचे अभ्रे यांना तीन दोरे पुरतात. आम्ही तीन दोऱ्यांचेच घेतले, आणि उरलेल्या पैशांत कोनाची रिळे आली.

मैत्रिणींनो, मशीन घ्यायला जाताना घरचे कापड न्या: मलमलीचा एक तुकडा आणि जाड कापडाची एक दुहेरी घडी. दुकानदाराचा नमुना सुरेखच निघतो! दोरे काढायला लावून स्वतःच्या हाताने पुन्हा ओवून पाहा. बहुतेक मशीनवर आधी लूपर आणि शेवटी सुई असा क्रम असतो. सुई नेहमीच्या मशीनचीच चालते का, सुरीचे पाते सुटे मिळते का आणि दुरुस्ती गावातच होते का, हेही विचारून घ्या.

पहिल्या दिवशी आमच्या हातून एक चूक झालीच. झालरीची घडी सुरीखाली गेली आणि नव्या फ्रॉकला बोटभर भोक पडले. वन्संच्या डोळ्यांत पाणी आले. त्या जागी खिसा लावून वेळ निभावली. तेव्हापासून घडी बाजूला टाचून, टाचण्या काढूनच कड करायची, हा आमचा नियम. टाचणी सुरीखाली आली तर पाते बोथट होते.

सवय होईपर्यंत आम्ही तीन रंगांचे दोरे लावत असू. म्हणजे बिघाड कोणत्या दोऱ्याचा ते चटकन दिसते. वरच्या लूपरचा दोरा कापडाखाली ओढला जात असेल, तर बहुधा त्याचा ताण सैल असतो. रंग बदलताना जुना दोरा रिळाजवळ कापून त्याला नवा गाठवावा आणि हलकेच ओढून घ्यावा. सुईच्या नेढ्यातून मात्र गाठ जात नाही, तिथे हातानेच ओवावे.

यंदा वन्संनी एकवीस फ्रॉक शिवले. परवा फराळाचे ताट घेऊन मी पिको-फॉलवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "काय वहिनी, यंदा काम नाही आणलेत?"

"आणले आहे ना," मी म्हणाले, "साडीला फॉल लावायचा आहे. पण भाऊबीजेनंतर दिलात तरी चालेल!"