घरचेच शिपाई, घरचीच मोडतोड

तव्यावर तंबाखू भाजून केलेली मशेरी हिरड्यांना चोळायची सवय रत्नागिरीच्या गावांतून अजून गेलेली नाही. रक्त येत नाही म्हणजे हिरड्या धडधाकट, हा समजही तसाच. वास्तविक निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात. रोग असतो, तो झाकला जातो एवढंच.

आतला कारभार मात्र विलक्षण. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जिवाणू संख्येने थोडा, पण भारी कावेबाज. जंतू गिळणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींना तो मारत बसत नाही. त्यांच्यावरचे दोन संवेदक एकदम चाळवून तो त्यांची मारकशक्ती लुळी पाडतो, दाह मात्र पेटता ठेवतो. कारण दाहात मोडलेल्या ऊतींवरच त्याचं पोट भरतं! दाताभोवतीचं हाड झिजतं ते बरंचसं आपल्याच पेशींच्या या भडक्यात. म्हणूनच नुसत्या गोळ्यांनी पायोरिया हटत नाही. दातांवरचं कीटण खरवडून काढावंच लागतं. त्यासाठी जिल्ह्याबाहेर जायला नको, खेडला दंत महाविद्यालय आहे.

गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली. चुलीवरच्या मशेरीला कायदा कुठून पोचणार? तिथे सासू-सुनांनाच बोलावं लागेल, आणि हा अंक त्यांच्यासाठीच काढला आहे.